बुलबुलाच्या डोळ्यातले गज

३ मार्च, सोमवार

पुन्हा खांब! सकाळभर तळ्याकाठी बसून बुलबुलाचे साठ फोटो काढले. घरी येऊन पाहते तर प्रत्येकात त्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला. एकात खांब नाही, तर शेपटीमागे कुणाची तरी लाल बादली. हे म्हणाले, बादली छान आली आहे. नवऱ्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं.

आणि धाकटीचे फोटो! काल छायाचित्र मंडळाच्या ग्रुपवर तिने तिसरा बुलबुल टाकला. मागे नुसता मऊ हिरवा रंग — एक काडी नाही, एक पान नाही. चोचीपुढे मोकळी जागा. पक्ष्याची नजर थेट आपल्या नजरेला. माझी सख्खी बहीण, कॅमेरा कसा धरायचा ते मी शिकवलं तिला. चार महिन्यांत हा चमत्कार कुठून झाला? विमा कचेरीत तीस वर्षं खोटे दावे पकडले मी. फार गुळगुळीत प्रकरण समोर आलं की माझा उजवा कान तापतो. काल तापला.

५ मार्च, बुधवार

धाकटीला फोन केला. म्हटलं, तळ्यावर ये की, चार महिने तोंड दाखवलं नाहीस. वेळच होत नाही गं ताई, म्हणे. मग फोटो कुठे काढतेस? "घरीच." घरी! तिसऱ्या मजल्यावर राहते, बाग नाही, गच्ची नाही. मग मीच येते म्हटलं, तर घरात रंगकाम चालू आहे. जानेवारीत पाहुणे होते. त्याआधी मेहुण्यांना खोकला होता, मला लागण होईल म्हणून येऊ नको म्हणाली. खऱ्याला एक कारण पुरतं. दर वेळी नवं लागतं ते खोट्याला.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुझा खटला चालू दे, चहा गार होतोय.

८ मार्च, शनिवार

आज सरळ पोटावर आडवी झाले. बुलबुल बुटक्या झुडपावर, कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या रेषेत. दोन हात डावीकडे सरपटले आणि खांब गायब! मागचं गवत बरंच लांब होतं, ते पार विरघळून गेलं. म्हणजे आधी मागची जागा शोधायची आणि मग तिच्यापुढे पक्षी येईपर्यंत गप्प बसायचं. मी अकरा वर्षं पक्ष्यामागे धावले! इतकी साधी गोष्ट साठी ओलांडल्यावर कळली. कोपरं सोलून निघाली, पण एक फोटो खरंच चांगला आला. लगेच मंडळाच्या प्रदर्शनासाठी पाठवला, आज शेवटची तारीख होती.

प्रदर्शनात दर्शनी भिंतीवर एकच मोठा फोटो लागतो. आजवर मी कायम कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी. यंदा ती भिंत मला हवी आहे. हवीच आहे!

९ मार्च, रविवार

भिंत धाकटीला. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. मीही पाठवल्या.

१४ मार्च, शुक्रवार

सापडलं!!

तिचा फोटो संगणकावर मोठा केला. आणखी मोठा केला. बुलबुलाच्या डोळ्यावर उजेडाचा ठिपका असतो ना, त्यात समोरचं सगळं दिसतं. त्या ठिपक्यात काय होतं? पांढरा चौकोन आणि त्यात चार उभ्या काळ्या रेघा. गज! बुलबुल पिंजऱ्यात आहे. मागे हिरवं कापड लावलं असणार. म्हणून ती स्वच्छ पार्श्वभूमी, म्हणून घरात कुणाला घ्यायचं नाही, म्हणून रंगकाम आणि खोकला आणि पाहुणे. सगळं कसं चपखल बसलं! पिंजऱ्यातला पक्षी चालत नाही, मंडळाचा पहिलाच नियम आहे.

ह्यांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. म्हणाले, "बहीण आहे तुझी. जाऊन विचार तिला." विचारून कुणी कबूल झालंय का आजवर?

१५ मार्च, शनिवार

मंडळाच्या अध्यक्षांना पत्र टाकलं. डोळ्याचा मोठा केलेला फोटो जोडला, गजांभोवती लाल गोल काढून. खाली सही 'एक सभासद'. ह्यांना सांगितलं नाही. पण खोटं ते खोटं, मग ते बहिणीचं का असेना.

२१ मार्च, शुक्रवार

अध्यक्षांचा फोन, धाकटीची बहीण म्हणून मला. ते आणि चिटणीस काल धाकटीच्या घरी जाऊन आले.

पिंजरा नाही. नोव्हेंबरात ती जिन्यावरून पडली. पाठीचा मणका मोडला. तेव्हापासून अंथरुणाला खिळली आहे, कूस बदलायलाही मेहुणे लागतात. पलंग खिडकीला लावलाय. खोलीत दिवसभर ट्यूब चालू. कॅमेरा पलंगाच्या दांडीला बांधलेला, भिंग खिडकीच्या गजांतून बाहेर. खिडकीबाहेर मेहुण्यांनी एक वाळकी फांदी बांधून दिली आहे. तिथे बुलबुल येऊन बसतो, निजलेल्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत, आणि मागे खूप लांबवर खेळाचं मैदान. ते हिरवं.

"पक्षी मोकळाच होता हो," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही तर सख्ख्या बहिणी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

आधी रागच आला. मला का नाही सांगितलं? मला? मग इतकी लाज वाटली की फोन ठेवता येईना. चार महिने मी तिची कारणं मोजत बसले. रिक्षाने वीस मिनिटांवर घर आहे तिचं.

२२ मार्च, शनिवार

गेले. पाय दाबत बसले. मी काही बोलायच्या आधी धाकटीच म्हणाली, "तोंडाने सांगितलं असतं तर तू आधी उलटतपासणी घेतली असतीस. डोळ्यातले गज पुसता आले असते मला, ताई. मुद्दाम ठेवले. इतकं बारीक तूच बघणार. वाटलं, बघशील आणि धावत येशील. तू पत्र पाठवलंस."