खातरजमा करायला गेलो

जळगाव, १४ डिसेंबर १९८८

अमळनेरच्या कमलबाईंना जिनिंग फॅक्टरीतून काढलं. त्यांचा भाऊ संध्याकाळी आमच्या कचेरीत येऊन सांगून गेला.

मुकादम बायकांच्या अंगचटीला येतो, असं पत्र त्यांनी आमच्या वर्तमानपत्राला लिहिलं होतं. नाव छापू नका, अशी विनंती होती. पत्र खरंच त्यांचं आहे ना, हे पाहायला परवा मी गेलो. आणि घर कुणाला विचारलं? फॅक्टरीच्या फाटकासमोरच्या चहावाल्याला. वर मी कुठून आलो, तेही सांगितलं. इतकी वर्षं बातमीदारी करून?

भाऊ चढ्या आवाजात बोलला असता तर बरं झालं असतं. "साहेब, चौकशी भारी करी तुम्ही. आते बठ्ठा गावले माहीत शे."

पत्र थांबवू का, म्हटलं.

"अक्का म्हनस, छापाच. नोकरी ते गयी, आते काय डरनं?"

चहावाल्याने किती अदबीने घर दाखवलं होतं! मी त्याचे आभारही मानले.

पान छपाईला गेलं. उद्या पत्राखाली नेहमीची ओळ असेल : पत्रलेखिकेच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही. अमळनेरात ती वाचून लोक हसतील.