कॅलेंडरवरचा आपला मेंढवाडा

आईला आणि तिच्या कळपाला नमस्कार.

शिकागोत थंडी आहे, पण तू विणलेलं घोंगडं ऊब देतं. तुझा गुडघा कसा आहे?

कारखान्याच्या कँटीनमध्ये नवं कॅलेंडर लागलंय. त्यावर ॲरिझोनातले आपले लाल सुळके, आणि पुढे आपला मेंढवाडा! फोटोवाल्यांवर तू खेकसायचीस ते आठवलं, “काढा फोटो, पण मेंढ्या बुजल्या तर तुम्हीच वळून आणा!”

हे आमचंच घर, असं सांगितल्यावर मैत्रीण म्हणाली, “काय जागा आहे गं! तू किती फोटो काढलेस?”

“एकही नाही. त्या वाड्याच्या खांबाशी आईनं माझी नाळ पुरलीय. पोरगी मेंढ्यांपाशीच राहावी म्हणून.”

ती हसली. मला पुढे जेवण गेलं नाही.

मेंढ्या विकायच्या म्हणतेस, तर वीक. खांब मात्र उपटू नकोस.

तुझ्या कळपातून चुकलेली,
लॉरिंडा