ताठ शिक्का आणि न आलेले पाहुणे

ती. तोकिए आत्या यांस,

चिगुसाचा कमरेतून वाकून नमस्कार. आपली पाठ आता कशी आहे? माझी उत्तम आहे. कचेरीत दिवसभर वाकावे लागत असल्याने दुखायला तिला सवडच मिळत नाही.

खेकड्यांच्या हंगामाचे आरक्षण खुले झाले त्या सकाळी आपल्या अतिथिगृहाची एकही खोली का भरली नाही, असे आपण विचारले होते. संगणकांच्या जगात भेटीचा एक रिवाज आहे: पाहुणा दारातून हाक मारतो, यजमान ‘या’ म्हणून त्याची जागा राखतो, पाहुणा ‘आलो’ म्हणतो आणि मग बोलणे सुरू होते. कोणा दुष्टाने खोट्या पत्त्यांवरून लाखो हाका मारल्या आणि ‘आलो’ म्हटलेच नाही. आपले आरक्षण सांभाळणारा आमच्या कंपनीचा सर्व्हर (तिथला एकमेव निष्पाप कर्मचारी) प्रत्येकाची जागा राखून वाट पाहत बसला. खरी गिऱ्हाइके दारातूनच परतली.

उपाय मी उन्हाळ्यातच लिहून दिला होता: हाक मारणाऱ्याला खुणेची चिठ्ठी द्यावी आणि त्याला विसरून जावे; चिठ्ठी घेऊन परतेल त्यालाच जागा. विभागप्रमुख कुवाबाता साहेबांनी (माझी नोकरी कायम होणे ज्यांच्या एका शब्दावर अडले आहे) प्रस्ताव वाचला नाही, खाली सहीऐवजी उमटवलेला माझा शिक्का पाहिला. कनिष्ठाने आपला शिक्का वरिष्ठाच्या चौकटीकडे किंचित झुकवून उमटवायचा असतो. माझा सरळ उमटला होता.

“पुस्तकं फार वाचता वाटतं, चिगुसाबाई? मान ताठ झालीय तुमची!”

“चुकलं, साहेब.”

“मग वाकवा आणि सगळ्यांकडून पुन्हा फिरवून आणा.”

प्रस्ताव फिरत राहिला. हल्लेखोराला कोणाच्याच शिक्क्याची गरज नव्हती. तो आधी पोहोचला. नंतरच्या बैठकीत ‘नव्या मुलीचे दुर्लक्ष’ हे कारण सर्वानुमते ठरले. मी, नेहमीप्रमाणे, माझे बूट न्याहाळत राहिले.

आपली आज्ञाधारक,
चिगुसा

ता. क. बुधवारी साहेब माफी मागायला आपल्या दारी येतील. सोबत मिठाईचा जड खोका असेल (माफीची मिठाई वजनदार असावी असा संकेत आहे) आणि मागे मी. नात्याची ओळख दाखवू नका. फक्त विचारा, “आधी कोणीच सावध केलं नव्हतं का?” मला ते विचारणे जमणार नाही.

पुन्हा ता. क. नको, विचारू नका. साहेब माझ्याकडे बोट दाखवतील, तेव्हा मलाच आवाज चढवून घालूनपाडून बोला. आपले समाधान झालेले त्यांना दिसले, तरच मी कायम होईन. रिकाम्या खोल्या डोळ्यांपुढे आणा, आत्या. फारसे जड जाणार नाही.