साक्षीदाराचा रकाना

पिपरी मेघे, वर्धा
१७ जानेवारी २०२६

प्रिय अश्वजित,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते फोडशील की तसंच खणात टाकशील, याचा मी दोन दिवस विचार केला. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काही नाही. बुद्धपौर्णिमेला आणि नव्या वर्षाला मी ते पाहतेच. पत्राला निळ्या खुणा नसतात, तेवढं बरं आहे. तुझा भोपाळचा पत्ता मावशीच्या मयुरीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला अगदी भंडावून सोडलं होतं.

मी बरी आहे. बाबा गेल्यावर हिंगणघाटचं घर भाड्याने दिलं आणि इथे दोन खोल्यांत राहायला आले. शाळा मात्र तिथेच, त्यामुळे रोज बसने अप-डाऊन करते. लोक विचारतात, घर तिथं, शाळा तिथं, मग तिकडं काऊन गेली व? खरं कारण मी कुणाला सांगत नाही. त्या गल्लीत मी मेघा नव्हतेच, कवडूजींची पोरगी होते. इथे मला कुणी ओळखत नाही, आणि आता तेही सोसवत नाही. खालच्या मजल्यावरची आचल कधीमधी वाटीभर भाजी आणून देते, तेवढंच बोलणं. रविवारी संध्याकाळ होते तेव्हा लक्षात येतं की सकाळपासून आपण आपलाच आवाज ऐकलेला नाही. मग मी उगाच वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. हस खुशाल. एकोणपन्नासाव्या वर्षी तुझी ताई रिकाम्या वर्गाला शिकवते आहे.

शाळेचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. नववीला मी इतिहास शिकवते. कुठल्याही नेत्यावर लिहायला सांगा, मुलांचे मुद्दे तयार असतात: जन्म, शिक्षण, कार्य, त्याग, मृत्यू. त्याच्या एखाद्या निर्णयाने कुणाचं नुकसान झालं का, असं विचारलं तर मी शिवी दिल्यासारखी माझ्याकडे बघतात. मागच्या वर्षी एका राजाबद्दल असाच प्रश्न विचारला, तर दुसऱ्या दिवशी तिघे पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर. तेव्हापासून मी फळ्यावर तीन रकाने आखते. पहिल्यात, त्या माणसाने काय केलं. दुसऱ्यात, त्याने कुणाचं भलं झालं आणि कोण मागे राहिलं. तिसरा रकाना साक्षीदाराचा: हे कोण सांगतंय, आणि ते घडलं तेव्हा तो कुठे उभा होता. नियम एकच, साक्षीदार असलेली ओळ पुसायची नाही. म्हणून डस्टरसुद्धा मी माझ्याच पिशवीत ठेवते. माणसाला डोक्यावर घेण्याआधी विचारा आणि पायाखाली घेण्याआधीही विचारा, असं मी घसा बसेपर्यंत सांगते.

यंदा म्हटलं, राजे-महाराजे नकोत, गावातलाच नेता घ्या, म्हणजे भांडण नको. माझ्या अकलेची कमाल बघ. मुलांनी एकमताने कवडूजी चौकातले कवडूजी निवडले. मॅडमचेच बाबा, म्हणजे मार्क पक्के. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचं कारण काय देणार होते?

मुलं आठ दिवस मोहल्ल्यात फिरली. बंडूजी आठवतात ना, कापसाच्या जिनिंग कारखान्यात गठाणी बांधायचे ते? ते आता काठी टेकत चालतात, पण बाबांचं नाव काढलं की ताठ होतात. मुलांना म्हणाले, ‘कवडूजी नसते तं आमी जनमभर रोजीवरच मेलो असतो.’ त्यांच्या पोराला साप चावला तेव्हा बाबांनी मॅनेजरची जीप रस्त्यात अडवून त्याला दवाखान्यात नेलं, तेही सांगितलं. बाबांनी चालवलेला एक्केचाळीस दिवसांचा संप, हंगामी मजुरांना मिळालेलं कायम कामगाराचं पक्कं कार्ड, त्या कार्डावर शिकलेली पोरं, सगळं फळ्यावर आलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला अभिमान वाटत होता. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतो.

मग रोशनी उठली. वर्गात फारसं न बोलणारी मुलगी आहे. तिची आजी कमलाबाई जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायला जायची, आपल्या आईच्याच टोळीत. रोशनीने आजीचं बोलणं होतं तसं उतरवून आणलं होतं: ‘एक्केचाळीस दिवस आमीबी बसलो होतो, लेकरं मांडीवर घेऊन. कार्डं भेटले ते माणसायलेच. बायायचं नाव कागदातून कवडूजीनंच काढू देल्लं.’ तिने ते दुसऱ्या रकान्यात लिहिलं आणि साक्षीदार म्हणून आजीचं नाव घातलं. सगळं नियमाप्रमाणे. आणि मी, तुझी नियमवाली ताई, उठले. म्हटलं, हे एकट्या आजीचं सांगणं झालं, कागद कुठे आहे? पिशवीतून डस्टर काढला आणि ओळ पुसून टाकली. रोशनी खाली बसली नाही. अगदी हळू म्हणाली, ‘मॅडम, बंडूजीनं चांगलं सांगतलं तवा तुमी कागद नाई मांगला.’ तास संपायला वीस मिनिटं होती, ती मी खिडकीतून बाहेर बघत काढली.

कागद कुठे आहे हे मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? माझं अक्षर चांगलं, म्हणून संप मिटवणाऱ्या कराराची नक्कल बाबांनी माझ्याकडूनच करून घेतली होती. मी पंधरा वर्षांची होते. दुपारी ओसरीत बसून रेघी कागदावर लिहीत होते आणि सातव्या कलमाशी थांबले. कचरा निवडणाऱ्या बायांचं काम हंगामी समजलं जाईल, त्यांना हा करार लागू नाही. मी विचारलं, बाबा, मग आई? ते म्हणाले, ‘आधी माणसं आत जाऊ दे, मंग बायायचं पाहू.’ त्यांचाही नाइलाज असेल. घराघरांतलं धान्य संपत आलं होतं, मालक एवढंच द्यायला तयार होता, तेही रकान्यात यायला हवं. पण ते ‘मंग’ कधी आलं नाही. आईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती सकाळी डबा घेऊन फाटकावर गेली आणि यादीत नाव नाही म्हणून दहाच्या आत परत आली. गालगुंड झाल्यामुळे तू घरी होतास. उंबऱ्यात बसून तिने डब्यातली तीच भाकर खाल्ली.

पुढचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. पण मी ते आजवर कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. ते सातवं कलम तुला मीच सांगितलं, आई गेल्याच्या वर्षी, तू बावीसचा असताना. सांगून मी मोकळी झाले आणि तू पेटलास. बाबांच्या साठीच्या सत्कारात, भर मंडपात उभा राहून तू विचारलंस की बायांचं काय झालं. बाबांनी माईक ओढला आणि म्हणाले, ‘विरोधकायनं शिकवून पाठवला याले. फितला माहा पोरगा.’ तू माझं नाव घेतलं असतंस तर सगळं तिथेच मिटलं असतं. तू घेतलं नाहीस. त्याच संध्याकाळी बॅग भरून स्टेशनवर गेलास, आणि मी पोहोचवायलाही आले नाही. लाज वाटते रे, फार लाज वाटते.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. बाबांच्या शेवटच्या महिन्यात एका दुपारी ते म्हणाले, त्याले फोन लाव. मी लावला, रिंग गेली, आणि त्यांनी माझ्या हातून फोन घेऊन बंद करून टाकला. तुझ्याकडे माझ्या नावाचा एक मिस्ड कॉल आला असेल. तो माझा नव्हता.

आता पत्राचं कारण. सव्वीस जानेवारीला शाळेत मुलांचं प्रदर्शन आहे, सगळा चौक येईल, बंडूजी येतील, कमलाबाईही येणार आहेत. तुला ये म्हणायचा हक्क मला नाही. चौकाला कळायच्या आधी तुला कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. काल मी वर्गाची माफी मागून कमलाबाईंची ओळ प्रदर्शनाच्या चार्टवर पुन्हा लिहून घेतली आणि खाली सातवं कलम आठवेल तसं लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ घातली: सत्कारात कवडूजींच्या मुलाने विचारलेला प्रश्न खरा होता, तो फितला नव्हता, त्याला हे त्याच्या बहिणीने सांगितलं होतं. रोशनीने विचारलं, साक्षीदार कोन लिवू, मॅडम? मी तिच्या हातातलं स्केचपेन घेऊन माझं नाव लिहिलं. सत्कारात ही साक्षीदार कुठे उभी होती, हेही नियमाप्रमाणे लिहावं लागलं. उभी नव्हते मी. बायकांच्या तिसऱ्या ओळीत बसले होते. बाबा बोलले तसा मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मीही टाळ्या वाजवत होते. तेही लिहिलं आहे.

तुझीच,
ताई