तोंडून निसटलेला आकडा

कौतोकेइनो, ५ मार्च १९७९

चि. यौना यास राव्नाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आई बरी आहे, गुडघे सोडून. मी बरी नाही. बाबांच्या स्नो-स्कूटरनं काल पठारावर मान टाकली आणि मी दोन कोस बर्फ तुडवत घरी आले. दुरुस्तीवाला म्हणे, हिच्यावर आता कपडे वाळत घाला.

पाच आठवड्यांत कळप उन्हाळी चराईला किनाऱ्याकडे निघेल. गाभण माद्या कुणाची वाट बघत नाहीत. निल्लासकाका सांगतात, तुझे रेनडिअर माझ्यात घाल आणि तू घरी बसून बूट शिव. बाबा जाऊन वर्षही झालं नाही रे. कळप एकदा का काकांच्या स्कूटरमागून गेला की पुढच्या वर्षी लोक तो काकांचाच म्हणतील. माझ्या जनावरांबरोबर मलाच जायचंय.

तुमच्या आल्त्यात कुणी ईसाक जुनी स्कूटर विकतोय असं कळलं. माझ्याकडे सहा हजार क्रोनर आहेत, सहा हजार एक नाहीत. तू शहरात जाऊन मास्तर झालास, तरी एवढं कर. न कळवता जा. आधी इंजिनाला हात लाव. गरम असलं तर त्यानं ते आधीच चालू करून ठेवलंय, गार असताना ते दाद देत नाही असं समज. खालच्या रबरी पट्ट्याला भेगा आहेत का बघ. आणि कमी बोल.

लोभ असू दे, पण उत्तर लौकर असू दे.
राव्नाताई

आल्ता, ११ मार्च

ती. राव्नाताईस यौनाचा सा. न. वि. वि.

न कळवता गेलो. इंजिन गार होतं, आणि तिसऱ्यांदा दोरी ओढल्यावर चालू झालं. पट्टा ठीक, बैठक फाटकी, पुढच्या एका स्कीला जोड दिलेला. ईसाक साडेआठ हजारांवर अडून बसला. मी चार कप कॉफी प्यायलो, घासाघीस केली, पठ्ठ्या हलेना.

शेवटी हुकमाचा एक्का काढला. म्हटलं, माझ्या बहिणीचे सगळे मिळून एकशे बेचाळीसच रेनडिअर, नवरा नाही, वडील गेले, तिच्याकडून एवढे घेववतील का तुम्हाला? शरदात कुंपणाशी उभं राहून मीच मोजले होते ना! ईसाक एकदम खिडकीबाहेर बघू लागला. शेजारी तुमच्या गावच्या टपालबसचा ड्रायव्हर कॉफी पीत होता, त्यानं कपात डोकं घातलं. पाझर फुटला असणार. मास्तरकी अगदीच वाया गेली नाही, बघ. कळवतो म्हणालाय.

आईच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार. माया आहे ती राहू दे.
तुझा यौना

कौतोकेइनो, १५ मार्च

यौना,

आशीर्वाद आज नाहीत.

तुझं पत्र आणि तुझा आकडा एकाच बसनं आले, आणि आकडा आधी उतरला. दुकानात पीठ घ्यायला गेले तर सगळ्या बायका माझ्याकडे कशा बघत होत्या! अरे, आपली जनावरं किती हे माणूस घरातही बोलत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात बाबांनी आईला सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. आणि तू मोजलीस! मला वाटलं होतं तू ढग बघतोयस.

संध्याकाळी काका आले. एवढ्याशा जनावरांना स्कूटर कशाला, म्हणे, माझ्यात घाल, मला कळणारही नाहीत. खोटं आहे म्हणायचीही सोय नव्हती, कारण आकडा खरा होता. दोनशे असतील, चारशे असतील, कुणास ठाऊक, असं लोक म्हणत होते तोवर मला गावात मान होता. तो तू चार कप कॉफीत बुडवलास. मला रडू आलं, आणि आईसमोर रडताही आलं नाही.

स्कूटर नको. स्कीवर जाईन. पाय मोडले तर मोडले.

राव्ना

आल्ता, २२ मार्च

ती. राव्नाताईस शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस लेखणी उचलवली नाही. मग ईसाककडे पुन्हा गेलो. तो म्हणाला, तू बोललास तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो, मी काही ऐकलं नाही. भला माणूस, पण साडेआठ म्हणजे साडेआठ.

तेव्हा मी सौदा केला. सहा हजार तुझे आणि बाकीच्याबदली माझ्या खुणेची चार जनावरं. लहानपणी बाबांनी मला जनावरांच्या कानांवर कापायची माझी वेगळी खूण नेमून दिली, तेव्हापासून त्या खुणेची जनावरं तुमच्या कळपात चरताहेत आणि मी फुकटचा मालक. पाचच तर आहेत. मास्तरला कळप कशाला? दोन एप्रिलला ईसाक स्कूटर घेऊन येईल आणि चार घेऊन जाईल. रागाव, पण नाही म्हणू नकोस. मी सांगितलेला आकडा निदान खोटा तरी पडेल.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.
यौना

किनाऱ्यावरून, ३० मे

चि. यौना यास अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

पोचले. तुझी स्कूटर महा हलकट आहे. रोज सकाळी सतरा वेळा दोरी ओढायला लावते, चढ दिसला की खोकते, आणि ती जोड दिलेली स्की दुसऱ्याच दिवशी निखळली. चामड्याच्या वादीनं बांधून आणली. वाटभर तुला शिव्या घातल्या. पण कळपामागून मीच आले. वाटेत काका भेटले, आता किती राहिली म्हणून चाचपडू लागले. मी त्यांना कॉफी ओतून दिली.

ईसाकला मी माझे चार नर दिले. तुझ्या पाचही माद्या गाभण होत्या. गाभण मादी देतं का कुणी, मास्तर? पाडसं किती झाली ते लिहिणार नाही, पत्र टपालबसनंच जायचंय. जुलैत कानांवर खुणा करायच्या आहेत. तुझ्या पाडसांवर तुझी खूण मी करणार नाही. सुरी घेऊन ये. हवं तर मोज, आणि तोंड मिटून ठेव.

तुझी वाट बघणारी,
राव्नाताई