जेवणानंतर, तीनदा

काका, आज वॉर्डात एका नव्या डॉक्टरने औषधाच्या चिठ्ठीवर झोकात ‘टी.डी.एस., पी.सी.’ लिहिलं आणि मला तुमची कात्री आठवली. नागपुरात इतवारीतल्या त्या धर्मादाय दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर आणि मी नुकताच पास झालेला डॉक्टर. मी लॅटिन लिहायचो. तुम्ही बाटलीत मिक्श्चर भरून, कागदाच्या पट्टीला डोसांच्या खाचा पाडून ती बाटलीला चिकटवायचात. पण त्याआधी प्रत्येकाला विचारायचात, ‘भाकर कवा खाता जी? वावरात जाता का?’ रांग खोळंबायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पांचं व्यसन आहे. ‘तेर दिए सुमेन्दुम, पोस्ट सिबुम’ म्हणजे दिवसातून तीनदा, जेवणानंतर. यात विचारायचं काय डोंबल?

मग तुम्ही चुलतभावाच्या तेराव्यासाठी रामटेकला गेलात आणि औषधाच्या खिडकीशी मीच बसलो. महाल भागातल्या एका विधवा बाईंना हिवतापावर क्विनाईन दिलं, अर्थ मराठीत नीट समजावला आणि रांग भराभर संपवली म्हणून स्वतःवरच खूश झालो.

तिसऱ्या दिवशी तुम्ही परतलात आणि पाठोपाठ त्या बाईंचे दीर आले. ते वकील. वहिनींच्या कानांत घणघण, चक्कर, उलट्या. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘बाई जेवतात किती डाव?’

‘एकदाच. सोवळ्यात आहेत त्या.’

औषध तीनदा, तेही जेवणानंतर, आणि जेवण तर एकच. म्हणून त्या माउलीने तिन्ही डोस त्या एका जेवणावर घेतले होते, मी सांगितलं होतं अगदी तसेच. ‘रेस इप्सा लोक्विटुर!’ वकिलांनी बाटली टेबलावर आपटली. ‘कोणी सांगितलं त्यांना?’ मला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. विश्वस्तांच्या कानावर गेलं असतं तर माझं बिऱ्हाड त्याच आठवड्यात उठलं असतं. मी टेबलावरच्या वहीची पानं उलटू लागलो. तुम्ही हात जोडलेत. ‘सांगाले माहीच चूक झाली, साहेब.’ तुम्ही तर त्या दिवशी नागपुरातही नव्हतात.

बाई चार दिवसांत बऱ्या झाल्या. विश्वस्तांनी तुम्हाला चारचौघांत झापलं, तेही तुम्ही ऐकून घेतलंत. त्या संध्याकाळी तुम्ही मापाचा ग्लास धुताय, माझ्याकडे बघत नाही आहात.

‘डॉक्टरसाहेब, ते वकीलसाहेब काय म्हणत होते जी?’

‘गोष्ट स्वतःच बोलते, असा अर्थ आहे.’

‘कोर्टात बोलत असंन. आपल्या इथं तं इचारा लागते.’ ग्लास पालथा घालून तुम्ही म्हणता, ‘उद्यापासून तुमीच इचारत जा.’

तेवढंच रागावलात. त्यानंतर पुन्हा विषय काढला नाहीत आणि माझ्याकडून कबुलीही मागितली नाहीत. काका, मी डॉक्टर राहिलो तो तुमच्यामुळे. तेव्हापासून एकाही रोग्याला, तो कधी आणि काय खातो हे विचारल्याशिवाय, मी औषध दिलेलं नाही. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

दरवर्षी नव्या डॉक्टरांना मी ही गोष्ट सांगतो. आजही सांगितली. सगळी खरी सांगतो, सोवळ्यातल्या बाई, तीन डोस, वकील, सगळं. फक्त चूक अजूनही कंपाउंडरचीच असते.