जवळजवळ नक्की

मल्लेश्वरम, बेंगळूर
शनिवार, ता. १७ जानेवारी १९५९

चि. प्राणेश यास आईचे आशीर्वाद. सौ. नयनालाही सांग.

आज नळाला पाणी उशिरा आलं. तुझा चुलतभाऊ गुंडो दळण देऊन गेला. दुपारी तुझं पत्र मिळालं. इकडे थंडी आहे. माझी प्रकृती ठीक. नयनाचा खोकला गेला का? दिल्लीच्या हवेत तिने डोकं बांधून बाहेर पडावं.

फेब्रुवारीत 'ऑलमोस्ट सर्टनली' येईन, रजा 'मोर ऑर लेस' मंजूर आहे, असं तू लिहितोस. माझं इंग्रजी शाळेतलं, पण एवढं आता कळतं. तरी दोनदा वाचलं. तुझी पत्रं वाचून दाखवायचं काम तुझ्या वडिलांचं, अण्णांचं होतं. त्यांना जाऊन परवा महिना होईल.

दसऱ्याला तू असंच लिहिलं होतंस. ते तेव्हा अंथरुणावर होते. मी विचारलं, "ऑलमोस्ट म्हणजे काय हो?"

"म्हणजे येतोच आहे. त्याची गादी उन्हात टाक."

टाकली. दिवाळीला 'इन ऑल प्रोबॅबिलिटी' आलं. पुन्हा गादी उन्हात. शेजारच्या सोयराबाई गच्चीवरून म्हणाल्या, "अनुसूयाक्का, त्या गादीएवढं ऊन तुम्ही खाल्लं असतं तर तुमचे गुडघे दुखले नसते." अण्णा आतून हसले. खोकला येईपर्यंत हसले.

अस्थी अजून मठातल्या झाडाला बांधलेल्या आहेत. अग्नी गुंडोने दिला. श्रीरंगपट्टणला नदीत सोडायचं काम तरी तुझ्या हातून व्हावं म्हणून मी थांबले. आचार्य रोज विचारतात. गुंडो त्यांना सांगतो, "स्वल्प थांबा, प्राणेशअण्णा येतोय." मग दोघंही माझ्याकडे बघतात. मी 'हो' म्हणून मान हलवते.

एक गोष्ट तुला लिहायची नाही असं ठरवलं होतं.

शेवटच्या दिवशी ते सारखे तुझं विचारत होते. मी खोटंच म्हटलं, तार आली आहे, प्राणेश ऑलमोस्ट पोचलाच. तुझाच शब्द वापरला. ते म्हणाले, "अगं, कचेरीत जन्मभर अर्जांना उत्तरं लिहिली मी. तोंडावर नाही म्हणणं जिवावर यायचं, तेव्हा आम्ही असंच लिहायचो."

"मग मला गादी कशाला काढायला लावलीत?"

"तू वाट बघत होतीस ना."

मग पाणी मागितलं. दोन घोट घेतले. त्यानंतर बोलले नाहीत.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मला नव्हतं. आता ठाऊक आहे, तरी आज तुझं पत्र वाचून झाल्यावर मी गादी काढली. अर्ध्या जिन्यात खाली बसले. उचलवेना. तिथेच ठेवून आले.

प्राणेश, मी रागावलेली नाही. तुझी नोकरी, तुझे साहेब, तिथलं काही मला कळत नाही. पण एक कार्ड टाक. 'येतो' लिही आणि तारीख लिही. नाहीतर 'येत नाही' लिही. तसं लिहिलंस तर मी रडेन, पण मग जेवेन. हे असं मध्ये टांगून ठेवू नकोस रे. तुझ्या शब्दांचा गोड अर्थ सांगणारं घरात आता कोणी नाही, आणि मला एकटीला तो लावत बसणं सोसत नाही.

कार्ड आलं नाही तर अमावास्येच्या आधी मी गुंडोला घेऊन श्रीरंगपट्टणला जाईन. तेव्हा मात्र कोणी विचारलं तर मान हलवणार नाही.

पत्र पेटीत टाकायला मीच निघाले आहे. गुंडोसाठी ठेवलं तर उद्यावर जाईल आणि उद्या मी ते फाडून टाकीन. बाहेरून कुलूप लावायचं आहे. या घराला ते कधी लागलंच नव्हतं, आत कोणीतरी असायचंच. किल्ली शोधून ठेवली आहे. गंजली आहे, पण फिरते.

तुझी
आई